गाडी नेमकी कधी तापते? जुन्या स्पोर्ट्स कारची कूलिंग सिस्टिम समजून घेताना

तीस-चाळीस वर्षं जुन्या स्पोर्ट्स कारचा तापमानाचा काटा वर सरकायला लागला की मालकाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो, ‘आता काय बदलायचं?’ आधी थर्मोस्टॅट बदलला जातो. त्याने भागत नाही, मग वॉटर पंप, मग रेडिएटर. सुटे भाग एकेक करून नवे होत जातात आणि काटा पुन्हा तिथेच. हा क्रमच चुकीचा आहे, असं मला ठामपणे वाटतं. आधी विचारायला हवं की गाडी नेमकी कधी तापते. सिग्नलला उभी असताना की मोकळ्या रस्त्यावर वेगात? सुरू केल्यावर पाच मिनिटांत की तासभर चालवल्यावर? या प्रश्नाचं उत्तर नीट मिळालं तर निम्मं निदान गाडीला हात न लावताच होतं. ते कसं, हे कळायला आधी ही यंत्रणा काय करते ते पाहू.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी फार तर एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला उपयोगी पडतो. साधारण तेवढीच उष्णता धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ज्वलनाच्या क्षणी आतल्या वायूंचं तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. तरीही ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग, वर्षानुवर्षं टिकतं, कारण त्याच्या पोकळ्यांमधून कूलंट (पाणी आणि ग्लायकॉल हा गोठण रोखणारा द्रव यांचं मिश्रण) सतत खेळत असतं आणि उष्णता उचलून नेत असतं.

वॉटर पंप कूलंटला ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या भागात, ढकलतो. तिथून ते हेडमध्ये जातं, वाटेत थर्मोस्टॅट लागतो, तो उघडा असेल तर रेडिएटरमध्ये उतरतं आणि थंड होऊन पुन्हा पंपाकडे येतं. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक छोटी कुपी असते. बहुतेक गाड्यांत ८० ते ९० अंशांच्या दरम्यान हे मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. इंजिन गार असताना झडप बंद राहते, कूलंट बायपासच्या छोट्या फेऱ्यात फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. ते गरम होणंही तितकंच गरजेचं आहे. सतत थंड चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये मिसळत राहतं आणि सिलिंडर लवकर झिजतात.

आता या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग, म्हणजे रेडिएटरचं झाकण. साधं पाणी १०० अंशांना उकळतं. पाणी आणि ग्लायकॉल निम्मं-निम्मं घेतलं तर उत्कलनबिंदू सुमारे १०७ अंशांवर जातो. पण त्यावर साधारण १ बार दाबाचं झाकण बसवलं की तो १२५ अंशांच्याही पुढे सरकतो. प्रेशर कुकरचं तत्त्व ते हेच. दाब का हवा, तर हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास काही जागा काट्यावर दिसणाऱ्या तापमानापेक्षा खूपच गरम असतात. दाब पुरेसा नसेल तर नेमकं तिथे कूलंट उकळतं आणि वाफेचा थर धरतो. वाफ द्रवाच्या मानाने फारच कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे धातू आणखी तापतो, आणखी वाफ होते. झाकणातली स्प्रिंग मऊ पडली किंवा रबर कडक झालं की हे दुष्टचक्र सुरू होतं आणि बाहेरून मात्र सगळं ठीक दिसत राहतं.

झाकणात दुसरी एक छोटी झडपही असते. इंजिन गार होताना कूलंट आकुंचन पावतं, तेव्हा ही झडप उघडते आणि शेजारच्या बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. ती अडकली की सकाळी वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाइप) चपटा झालेला दिसतो. अशा वेळी होजला दोष देऊन उपयोग नाही, दोष झाकणाचा असतो. नवं झाकण घेताना त्यावरचा दाबाचा आकडा गाडीच्या मॅन्युअलशी जुळवूनच घ्या. ‘जास्त दाबाचं जास्त चांगलं’ हा हिशोब जुन्या गाडीत अंगाशी येतो, कारण तो जादा दाब जुन्या रेडिएटरच्या जोडांवर आणि कूलंटनेच तापणाऱ्या हीटरच्या जाळीवर पडतो.

स्पोर्ट्स कारमध्ये हे सगळं जास्त नाजूक का होतं? नाक खाली आणि बसकं, त्यामुळे रेडिएटरला जागा कमी, बऱ्याचदा तो तिरका बसवलेला. इंजिन मोठं आणि बॉनेटखाली हात घालायला जागा नाही. १९७२ साली आलेली फियाट एक्स१/९ किंवा १९८४ सालची पहिली टोयोटा एमआर२ या गाड्यांत तर इंजिन चालकाच्या मागे आणि रेडिएटर पुढे नाकात. म्हणजे कूलंटला गाडीच्या पोटाखालून लांबलचक पाइपांतून जा-ये करावी लागते आणि त्या प्रवासात हवा अडकायला भरपूर जागा मिळते. १९८९ साली आलेल्या माझ्दा एमएक्स-५ चं इंजिन मुळात पुढची चाकं फिरवणाऱ्या माझ्दा ३२३ साठी आडवं बसवायचं होतं. ते गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरवून बसवल्यावर कूलंट पुढूनच आत जातं आणि पुढूनच बाहेर येतं, त्यामुळे सर्वांत मागच्या सिलिंडरला त्याचा वाटा कमी मिळतो. रोजच्या वापरात हे चालून जातं, ट्रॅकवर किंवा टर्बो लावल्यावर जाणवतं. म्हणूनच या गाडीचे हौशी मालक कूलंट बाहेर पडण्याची वाट मागच्या बाजूला हलवतात. पोर्शेने आपली ९११ तर १९९८ पर्यंत हवेनेच थंड केली. तिचे प्रश्न वेगळे आहेत, इथे पाण्याने थंड होणाऱ्या गाड्यांबद्दलच बोलू.

उभी असताना तापते, वेगात निवते

हे निदान सर्वांत सोपं आहे. गाडी धावत असताना रेडिएटरमधून हवा आपोआप जाते. उभ्या गाडीत ते काम एकट्या फॅनचं. म्हणजे कूलंट फिरतंय, रेडिएटर काम करतोय, फक्त हवा मिळत नाहीये. इथे वॉटर पंप बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

फॅन इलेक्ट्रिक असेल तर फ्यूज, रिले, रेडिएटरवरचा तापमानाचा स्विच आणि मोटर या क्रमाने बघा. स्विच साधा दोन तारांचा असेल तर त्याचा प्लग काढून दोन टोकं तारेने जोडा. फॅन फिरला तर मोटर आणि रिले चांगले, स्विच गेलेला. फिरला नाही तर मोटरला थेट बॅटरीवरून करंट देऊन पाहा. एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात. फॅन फिरतोय एवढं पुरेसं नाही, तो जोरात फिरायला हवा. जुन्या गाडीतले प्लग आणि अर्थिंगचे जोड गंजलेले असतात, मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही आणि फॅन आळसटल्यासारखा फिरत राहतो. गाडी चालू ठेवून मोटरच्या टोकांवर मल्टिमीटर लावला की हे लगेच कळतं.

फॅन इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा असेल तर त्याच्या मध्यभागी बहुधा सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. इंजिन बंद करून फॅन हाताने फिरवा. थोडा विरोध जाणवायला हवा. एका टिचकीत गरगर फिरत राहिला तर क्लचमधलं तेल गळून गेलेलं आहे. आणि फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे ना, तेही बघा. आधीच्या कुणीतरी इंजिनाचं काम करताना ते काढलेलं असतं आणि पुन्हा बसवलेलंच नसतं. ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

वेगात तापते, उभी असताना ठीक

इथे उलट विचार करायचा. हवा भरपूर आहे, पण उष्णता बाहेर पडत नाही. कारण एकतर कूलंट पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटरची ताकद उरलेली नाही. जुन्या रेडिएटरच्या नळ्यांमध्ये क्षार आणि गंजाचा गाळ साचतो. गाडी पुरती गरम झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरच्या जाळीवरून सावकाश फिरवा. कडेपासून कडेपर्यंत तापमान हळूहळू उतरत जायला हवं. मध्येच एखादा थंडगार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. तांब्या-पितळेच्या रेडिएटरमध्ये आणखी एक प्रकार होतो. नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांचा डाक सुटतो, पत्रे जागेवरच दिसतात, पण उष्णता त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. बोटाने हलकेच घासून ते भुग्यासारखे पडायला लागले, तर तो रेडिएटर नव्या जाळीला आला आहे.

खालच्या होजकडे लक्ष द्या. पंप त्यातून कूलंट ओढून घेतो, म्हणजे तिथे चोषण असतं. म्हणूनच अनेक गाड्यांत या होजच्या आत स्प्रिंग बसवलेली असते. ती गंजून गेली असेल किंवा नवा होज बसवताना टाकून दिली असेल तर जास्त आरपीएमला होज आत चेपतो आणि प्रवाह अडतो. इंजिन मंद चालू असताना हे दिसत नाही. कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगून, फॅनपासून हात दूर ठेवून, नुसतं बघायचं. सैल पट्टा आणि झिजलेली पंपाची पाती हीदेखील याच गटातली कारणं. नव्वदच्या दशकातल्या बीएमडब्ल्यूच्या ई३६ मालिकेत काही पंपांची पाती प्लास्टिकची होती. ती तुटायची किंवा दांड्यावर सैल पडायची. पंप बाहेरून फिरताना दिसायचा आणि आत कूलंट जागेवरच.

मग येते गाडीच्या पोटाखालची गोष्ट. नाकाखालचा हवा वळवणारा पट्टा आणि इंजिनाखालचा ट्रे शोभेसाठी नसतात. रेडिएटरच्या पुढे दाब जास्त आणि मागे कमी असेल तरच हवा त्यातून जाते. ट्रे काढला की खालून हवा वर शिरते, मागचा दाब वाढतो आणि वेग वाढला तरी रेडिएटरमधून जाणारी हवा वाढत नाही. १९८४ ते १९९६ मधली चौथ्या पिढीची शेव्हर्ले कॉर्व्हेट हवा मुख्यतः खालूनच घेते. रस्त्यावरची पानं, कागद, धूळ सगळं वर ओढलं जातं आणि एसीच्या कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत गच्च बसतं. पुढून पाहिलं तर काहीच दिसत नाही. वरचं आवरण काढून तिथे टॉर्च मारल्याशिवाय त्या गाडीवर कुठलाही निर्णय देऊ नये.

आणि सगळं ठीक असूनही वेगात तापत असेल तर कूलिंग सोडून इंजिनाकडे वळा. इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, उशिराकडे सरकलेलं असेल किंवा मिश्रणात पेट्रोल कमी असेल तर इंजिन जास्त उष्णता तयार करतं, आणि ती काढून टाकणं हे रेडिएटरच्या आवाक्याबाहेरचं होऊन बसतं.

सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर

इथे कारण तीनपैकी एक: बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, आत अडकलेली हवा किंवा गेलेलं हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील). थर्मोस्टॅट अडकला असेल तर इंजिन तापलेलं असतं आणि वरचा होज जवळपास गार. तो काढून पाण्याच्या भांड्यात टांगा, पाणी तापवत न्या आणि थर्मामीटर लावून तो कोणत्या तापमानाला उघडतो ते बघा. काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा सल्ला देतात. तो मानू नका. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर बायपास कायम उघडा राहतो, बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं आणि गाडी आणखी तापते.

हेड गॅस्केटची शंका असेल तर गार इंजिन सुरू करा आणि वरचा होज दाबून बघा. कूलंट गरम व्हायच्या आत, मिनिटभरातच तो दगडासारखा घट्ट झाला तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत आहेत. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली की वायू असल्यास रंग पिवळा होतो. माझ्दा आरएक्स-७ च्या रोटरी इंजिनात नेहमीचं हेड गॅस्केट नसतं. तिथे ॲल्युमिनियम आणि लोखंडाची आवरणं एकाआड एक लावलेली असतात आणि त्यांच्यामध्ये कूलंट अडवणारे रबरी सील. ही गाडी एकदा जरी जोरात तापली तरी ते सील जातात आणि मग पूर्ण इंजिन खोलण्यावाचून इलाज नसतो. त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या आरएक्स-७ मध्ये कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची छोटी टाकी तडकण्याआधीच बदलणं मला अत्यावश्यक वाटतं.

काट्यावर किती विश्वास ठेवायचा

फार नाही. त्या काळातल्या अनेक गाड्यांमध्ये काटा मुद्दामच सुस्त केलेला असतो. तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो मधोमध उभा राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे कूलंट गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. इंजिन जळत असताना काटा ‘गार’ दाखवतो. जुन्या गाडीत आकडे दाखवणारा वेगळा गेज आणि कूलंटची पातळी कमी झाल्यावर वाजणारा अलार्म बसवणं हा मी सगळ्यांना देतो तो पहिला सल्ला. दुसरीकडे, हेडलाइट लावताच काटा वर चढत असेल तर इंजिन तापलेलं नाही, अर्थिंग खराब आहे. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून खरं तापमान बघा.

गार गाडीवर, हाताने करायच्या गोष्टी

होज तडकतात ते बहुतेक आतून, आणि तेही क्लिपच्या जवळ. प्रत्येक होज मधोमध दाबा, मग टोकाशी दाबा. टोकाचा भाग मधल्यापेक्षा मऊ किंवा आत पोकळ झाल्यासारखा लागला तर तो बदला, बाहेरून कितीही चांगला दिसो. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथे सुकलेल्या कूलंटचा डाग दिसला तर आतला सील गळायला लागला आहे. पोर्शे ९४४ मध्ये हा पंप टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याच्या) पाठीवरच फिरतो. पंप जाम झाला तर बेल्ट जातो, बेल्ट गेला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथे बेल्टचं काम निघालं की पंपाची तपासणी त्यातच उरकून घ्यावी. प्लास्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर असेल तर रंग बघा. माझ्दा एमएक्स-५ ची काळी टाकी तपकिरी-पिवळट झाली की ती ठिसूळ झालेली असते. ती कधी फुटणार एवढाच प्रश्न उरतो.

कूलंट कमी होतंय पण गळती सापडत नाही, अशा वेळी हाताने चालवायचा प्रेशर टेस्टर झाकणाच्या जागी लावून झाकणावर लिहिला आहे तेवढाच दाब द्या आणि थांबा. काटा उतरत असेल तर गळती आहेच. काचेवर आतून चिकट धुकं, पायाखालचा गालिचा ओला आणि गोडसर वास ही हीटरच्या जाळीची खूण. गळती बुजवणाऱ्या पावडरी आणि द्रव यांपासून मात्र लांब राहा. ते गळतीबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतात.

कूलंट रंगावरून निवडू नका. रंग प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते. जुन्या पद्धतीचं, अकार्बनी क्षारांवर चालणारं कूलंट साधारण दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं कूलंट पाच वर्षं टिकतं, पण तांब्या-पितळेचा डाक दिलेला रेडिएटर असलेल्या जुन्या गाड्यांसाठी ते सहसा सुचवलं जात नाही. दोन प्रकार एकमेकांत मिसळले तर कधी कधी चिकट गोळा तयार होतो. मिश्रण निम्मं-निम्मं पुरे. ग्लायकॉलची उष्णता धरण्याची क्षमता पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे ते जास्त घातल्याने गाडी गार राहत नाही. पाणी डिस्टिल्डच वापरा, नळाच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. शिवाय एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. जनावरं आणि लहान मुलं ते पिऊ शकतात, त्यामुळे काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका.

कूलंटचं आयुष्य संपलं आहे का, हे मल्टिमीटरनेही कळतं. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावा, लाल पिन धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर आत धातू खाल्ला जातोय. सगळे दिवे आणि फॅन लावल्यावर आकडा उडी मारत असेल तर दोष कूलंटचा नाही, कुठलीतरी अर्थिंगची वायर सुटलेली आहे आणि करंट कूलंटमधून वाट काढतोय.

भरताना हवा काढणं हे खरं कसब आहे. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं कूलंट भरायचं तोंड सर्वांत उंच येईल अशी गाडी चढावर उभी करा, मॅन्युअलमध्ये दिलेले हवा काढायचे स्क्रू सैल करा आणि बुडबुड्यांशिवाय कूलंट येईपर्यंत घाई करू नका. मागे इंजिन असलेल्या गाडीत असे स्क्रू एकापेक्षा जास्त जागी असू शकतात आणि मॅन्युअलमधला क्रम पाळावा लागतो. हीटरमधून गार हवा येत असेल तर अजून हवा अडकलेली आहे.

रस्त्यात काटा लाल रेषेकडे निघाला तर

एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, त्यातून बरीच उष्णता निघते. तरी काटा उतरत नसेल किंवा वाफ दिसत असेल तर लगेच बाजूला थांबून इंजिन बंद करा. पुढच्या गावापर्यंत रेटत नेण्यात हेड वाकतं. बॉनेट उघडा, पण झाकणाला हात लावू नका. दाब गेला की आतलं कूलंट एका क्षणात उकळतं आणि अंगावर उसळतं. किमान तासभर थांबा. इंजिन बंद असतानाही इलेक्ट्रिक फॅन आपोआप सुरू होऊ शकतो, बोटं लांब ठेवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

शेवटी एक गोष्ट, कारण या गाड्या वर्षातले बरेच महिने झाकून उभ्या असतात. उभ्या गाडीत कूलंटमधला गंजरोधक संपत जातो आणि पंपाचा सील कोरडा पडतो. अधूनमधून दोन मिनिटं सुरू करून बंद केल्याने थर्मोस्टॅट उघडतच नाही आणि रेडिएटरमधलं कूलंट हलतही नाही. सुरू करायचीच असेल तर बाहेर काढा, वरचा होज गरम होईपर्यंत चालवा आणि परत आल्यावर फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.